टाके घातलेल्या डोळ्याची सोनोग्राफी आणि रिपोर्टमधलं ते प्रश्नचिन्ह

तुमचं म्हणणं असं की भावाच्या डोळ्यात छिन्नीची कपची उडाली, टाके घातले, आता तिसऱ्या दिवशी डोळा ठणकतोय, आणि बी-स्कॅनच्या (म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात "पू? रक्त?" असं लिहिलंय, म्हणजे डॉक्टरांनाच कळलं नाही का, आणि प्रोब (सोनोग्राफीचं डोळ्यावर टेकवायचं उपकरण) लावल्याने टाके तर उसवले नसतील ना. मी डोळ्यांच्या विभागात हेच स्कॅन करते म्हणून सविस्तर लिहिते, पण आधी हे ऐका: दुखणं वाढत असेल आणि कालच्यापेक्षा आज कमी दिसत असेल तर पुढचं नंतर वाचा, रात्र झाली असली तरी रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या) डॉक्टरांकडे न्या. मातीत असणारा बॅसिलस सीरियस नावाचा जंतू आत गेला असेल तर एक-दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो, सकाळपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही.

आता टाक्यांचं. जखम उघडी असताना डोळ्यावर दाब पडला तर आतला ऐवज बाहेर येऊ शकतो म्हणून शक्यतो आधी टाके आणि मग सोनोग्राफी. टाके नीट बसल्यावर बंद पापणीवर भरपूर जेल घालून, दाब न देता हलक्या हाताने करतात, त्याने टाके उसवत नाहीत. स्कॅन करताना भावाला दाब जाणवला तर त्याने लगेच सांगायचं, गप्प बसून सहन करायचं नाही.

आणि प्रश्नचिन्ह. बुबुळ धुरकट झालंय, पुढे पू साचलाय किंवा मार लागून मोतीबिंदू झालाय, अशा वेळी डॉक्टरांचा लाइट आत पोचतच नाही, आवाजाच्या लहरी मात्र पोचतात, म्हणून हा स्कॅन. साधारण १० मेगाहर्ट्झचा प्रोब असतो. निरोगी डोळ्यातली जेली स्क्रीनवर काळी दिसते, इन्फेक्शन झालं की तिथे बारीक ठिपके, गुठळ्या, नंतर पातळ पापुद्रे दिसायला लागतात. पण ताजं रक्तही असंच ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं! नुसत्या चित्रावरून दोन्ही वेगळं सांगता येत नाही, म्हणून ते प्रश्नचिन्ह टाकणारा माणूस प्रामाणिक आहे असंच मी म्हणेन. रेटिनामागचा थर जाड झालेला दिसला, डोळ्याच्या भिंतीबाहेर पाणी दिसलं तर इन्फेक्शनकडे संशय जास्त झुकतो, तरी निर्णय होतो तो दुखणं, पापणीची सूज, पुढे साचलेला पू बघून, आणि आतल्या जेलीचा नमुना लॅबला पाठवून. संशय पक्का असेल तर कल्चरची (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याची) वाट न बघता इंजेक्शन देतात, बहुतेक ठिकाणी व्हॅन्कोमायसिन १ मिलीग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलीग्रॅम, थेट डोळ्याच्या आत.

मग स्कॅनचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग दोन गोष्टींसाठी. एक, रेटिना जागेवर आहे की सुटलाय, कारण सुटला असेल तर ऑपरेशनचा सगळा बेतच बदलतो. दुसरं, कपची आत राहिली आहे का. लोखंड असेल तर मशीनचा गेन (चित्र किती उजळ दिसेल ते ठरवणारी सेटिंग) कमी केला तरी त्याचा ठिपका चमकत राहतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. पण बारीक कपची भिंतीला चिकटलेली असेल तर निसटते, हवेचा बुडबुडाही कधी तसाच दिसतो, म्हणून बारीक कापांचा सीटी स्कॅन झालाय का ते विचारा. एमआरआय मात्र लोखंड नाही हे नक्की होईपर्यंत अजिबात नाही, चुंबकाने तुकडा आतच सरकेल. (उसाचं पान, काटा, काडी लागलेल्यांचं वेगळं असतं, लाकूड सीटीत हवेसारखं काळं दिसून फसवतं आणि बुरशीचा धोका असतो.)

वर एकांनी लिहिलंय की हाताची हालचाल दिसत असेल तर नुसतं इंजेक्शन पुरतं, व्हिट्रेक्टॉमी (आतली जेली काढायचं ऑपरेशन) नको. ते १९९५ च्या मोठ्या अभ्यासातून आलंय, पण तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनचा होता, जखमेनंतरच्या नाही. कृपया त्यावर विसंबून तुमच्या डॉक्टरांशी वाद घालू नका, जखमेच्या डोळ्यात ते लवकर ऑपरेशन सुचवत असतील तर त्याला कारण असतं.

इंजेक्शननंतर पुन्हा स्कॅन सांगतील, तो शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच गेनवर करा, नाहीतर ठिपके वाढले की कमी झाले हे कळत नाही. आधीचे प्रिंट, सीटीची सीडी सोबत ठेवा, डोळ्यावर दाब देणारी पट्टी नको, मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब तर नकोच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते कागदावर बघा. निघताना भावाला काही खाऊ-पिऊ देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि ती छिन्नीही सोबत न्या, तिचं कुठलं टोक तुटलंय आणि धातू चुंबकाला चिकटतो का हे सर्जनना आधी कळलेलं बरं.