आईला ‘जरा बाहेर पडत जा’ म्हणण्याआधी

टोरोंटोच्या स्कारबरो भागात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या चिनी लेकी-लेकांची तक्रार ठरलेली: “आई दिवसभर घरात बसून असते. ज्येष्ठांच्या क्लबात जा म्हटलं की चिडते.” (मराठी घरांतूनही हेच ऐकते.)

१९८० ते २०१५ या काळात चीनमध्ये बहुतेक शहरी घरांत एकच मूल. ते परदेशी गेलं की आईवडीलही पाठोपाठ येतात, नातवंड सांभाळतात. नातवंड शाळेत जायला लागलं की हात रिकामे.

अशाच एक आजी. झोप नाही, छातीत भरून येतं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. दुभाषी मध्ये बसलेली.

“क्लबात का नाही जात?”

“लोक म्हणतील, लेकीला आई जड झाली.”

इथे मला गाठ सापडली. सोबत मागायला जाणं म्हणजे लेकीची अब्रू घालवणं. पण कामाला जाणं?

“फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, अन्नाच्या डब्यांवरच्या तारखा तपासायला माणूस हवंय.”

“मला इंग्रजी येत नाही.”

“आकडे येतात ना?”

आजी एकदम ताठ बसल्या. “सूतगिरणीत जन्मभर जमाखर्च लिहिलाय. एका फेनची (चिनी पैशाची) चूक नाही.”

आता दर गुरुवारी त्या जातात. जवळच्या तारखेचे डबे पुढे, लांबचे मागे. शेजारी एक तमिळ आजी असतात. पोचा आलेला डबा ठेवायचा की टाकायचा, यावर दोघी हातवारे करून भांडतात. झोपही सुधारली आहे.

मदत करणाऱ्याचंच जास्त भलं होतं, हे अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. तरी आमच्या कामातले बरेच जण आधी इंग्रजीचा वर्ग, मग ओळखी, मग काम असं सुचवतात. मी आधी काम देते, आणि माझ्याकडची माणसं टिकतात.

काम मात्र ठरलेल्या वाराचं आणि खरंच अडणारं हवं. वेळ घालवायला दिलेलं काम म्हातारी माणसं लगेच ओळखतात. अर्ज, पोलीस-तपासणीचे कागद तुम्ही भरा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. सुरुवातीला सोबत जा. जेवण तुटलं असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर मात्र आधी डॉक्टर.

परवा त्या लेकीचा फोन आला. “गुरुवारी आई नसते, मुलाला शाळेतून आणायचं कोणी?”

म्हटलं, “शेजारी विचारून बघा. आईंना सुट्टी मिळणार नाही.”