इंदूरच्या मे महिन्यात रोज स्कूटीवर फिरते. टोमॅटो खाल्ले, तर सनस्क्रीन लावलं नाही तरी चालेल का?

नाही, सनस्क्रीन लावावंच लागेल. टोमॅटो त्याच्या जोडीला. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, किरण अडवत नाही, किरणांमुळे पेशीत तयार होणारा उपद्रवी ऑक्सिजन निकामी करतं. 2001 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी काही लोकांना रोज 40 ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दिली. चार आठवड्यांनी काहीच फरक नव्हता. दहा आठवड्यांनी मात्र अतिनील दिव्याखाली कातडी सुमारे 40 टक्के कमी लाल झाली. म्हणजे आज खाल्लं आणि उद्या राजवाड्यावर भर दुपारी निघालात, तर उपयोग शून्य. कच्च्या कोशिंबिरीपेक्षा तेलात परतून आटवलेली टोमॅटोची चटणी बरी, कारण लायकोपीन तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर जास्त अंगी लागतं. (आपल्या फोडणीला इथे पूर्ण गुण!) ग्रीन टीमधली कॅटेचिन नावाची द्रव्यंही अशीच आतून काम करतात, पण त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

एक मात्र सांभाळा: वनस्पतीचं म्हणून सगळंच सौम्य नसतं. पोह्यांवर पिळून उरलेली लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीतली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं उन्हात कातडी भाजतात आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात.