मुक्त परवान्यातील लेखांचे पुनर्प्रकाशन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘द कन्व्हर्सेशन’ या संकेतस्थळावरील हवामानबदलाविषयीचा एक लेख मराठीत अनुवाद करून घ्यावा, असा विचार आहे. लेखासोबत पुनर्प्रकाशनाचे बटण दिलेले आहे. तरीही वेगळी परवानगी लागेल का? – एक संपादक, सांगली

उत्तर : होय, अनुवादासाठी लागेल. २०११ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेले हे प्रकाशन आपले लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटी पाळल्यास कोणालाही वापराची मुभा देणाऱ्या, ज्या परवान्याखाली देते, त्यात दोन अटी आहेत : श्रेय द्यावे आणि मजकुरात फेरफार करू नये. तो लेख इंग्रजीत, जसाच्या तसा छापायचा असेल, तर अंकात जाहिराती असल्या तरी परवाना आड येत नाही. मात्र या परवान्याच्या व्याख्येनुसार अनुवाद हा फेरफारच ठरतो. शिवाय आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. म्हणून प्रकाशनाला आधी ई-मेल करावा आणि लेखी होकार हाती आल्यावरच अनुवादकाकडे काम सोपवावे. होकार न मिळाल्यास तयार अनुवाद बाजूला ठेवावा लागतो, आणि तो अनुवादकाच्या श्रमांवर अन्याय आहे.

लेखातील छायाचित्रांचा विचार स्वतंत्रपणे करावा. ती पुष्कळदा छायाचित्रसंस्थांकडून घेतलेली असतात आणि लेखाचा परवाना त्यांना लागू होत नाही. छायाचित्राखालची ओळ वाचल्याशिवाय ते उचलू नये, हा नियम आम्ही आमच्या कार्यालयातही कटाक्षाने पाळतो.

परवानगीची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, तर अनुवादाची मुभा देणारे प्रकाशन निवडावे. ‘ग्लोबल व्हॉइसेस’चे लेख, वेगळी सूचना नसेल तेव्हा, केवळ श्रेयाच्या अटीवर वापरता येतात, त्यांचा अनुवाद किंवा संक्षेप करता येतो. श्रेय मात्र लेखाजवळच आणि पुरते द्यावे, उदाहरणार्थ : ‘मूळ इंग्रजी लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, ग्लोबल व्हॉइसेस, प्रसिद्धीची तारीख व दुवा, परवाना : क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ३.०, परवान्याचा दुवा; मराठी अनुवाद : अनुवादकाचे नाव; मूळ लेखातील शेवटचा भाग गाळला आहे.’ या ओळीतील अखेरचा तुकडा हमखास राहून जातो. आपण काय बदलले हे न सांगितल्यास आपली वाक्ये मूळ लेखकाच्या नावावर जमा होतात, म्हणून तो तुकडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्मरणिकेत मराठी विकिपीडियावरील एक लेख थोडा सुधारून घेतला असून शेवटी ‘साभार : विकिपीडिया’ असे छापले आहे. एवढे पुरेसे आहे ना? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : पुरेसे नाही. ‘साभार’ या शब्दाने आभार पोहोचतात, पण परवान्याची अट पूर्ण होत नाही. विकिपीडियावरील लेख अनेकांनी मिळून लिहिलेला असतो, त्यामुळे सर्वांची नावे छापण्याऐवजी त्या विशिष्ट लेखाचा दुवा दिला तरी चालते, कारण तेथील इतिहासाच्या पानावर प्रत्येक संपादनाची नोंद असते. त्याशिवाय परवान्याचे नाव – क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.० – व दुवा द्यावा आणि लेखात बदल केल्याचे नमूद करावे. आपण सुधारलेला मजकूरही याच परवान्याखाली खुला राहतो. स्मरणिकेतील विद्यार्थ्यांच्या कवितांना किंवा इतर लेखांना ही अट लागू होत नाही. प्रती वाटून झाल्या असतील, तर पुढील अंकात शुद्धिपत्र द्यावे आणि संगणकावरील प्रत आजच दुरुस्त करावी. अटीचा भंग झाल्यास ४.० आवृत्तीचा परवाना आपोआप संपुष्टात येतो, परंतु चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास तो पुन्हा लागू होतो.

प्रश्न : एखाद्या मासिकाने पुढे मुक्त परवाना बंद केला, तर आम्ही आधी घेतलेला लेख काढून टाकावा लागेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिल्यावर मागे घेता येत नाही, त्यामुळे अटी पाळून घेतलेला लेख आपण ठेवू शकता. लेख घेतला त्या दिवशीच्या पानाची, परवान्याच्या ओळीसह, एक प्रत मात्र जपून ठेवावी.