वाचकांचे प्रश्न : पायरीच्या झाकणाची मोटर

प्रश्न : आमचं मोटरहोम 12 व्होल्टचं आहे. दारातल्या पायऱ्यांच्या खड्ड्यावर सरकणारं प्लायचं झाकण आहे, बटण दाबलं की ॲक्च्युएटर (मोटरने दांडा आत-बाहेर करणारं यंत्र) ते पुढे-मागे नेतो. सारंगखेड्याच्या यात्रेहून आल्यावर ते आधी हळू झालं, मग अर्ध्यावर अडायला लागलं आणि आता नुसता ‘कट्’ आवाज येतो. मिस्त्री म्हणतात मोटर जळाली, नवी टाका. मूळ माल इथे मिळत नाही. दुसरी कोणती घ्यावी आणि ती घरी बसवता येईल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : घरी बसवता येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण तुमच्या पत्रातला कामाचा शब्द ‘हळू’ हा आहे. वायर तुटली किंवा फ्यूज उडाला तर झाकण एकदम थांबतं. आधी हळू होऊन मग अडलं, याचा अर्थ एकतर मोटरवरचा भार वाढत गेला किंवा तिच्यापर्यंत पोचणारा करंट कमी होत गेला. ते कारण तसंच ठेवून नवी मोटर टाकली तर तीही जळेल.

म्हणून पहिलं काम झाकणाचं. ॲक्च्युएटरच्या पुढच्या टोकाची पिन काढा आणि झाकण मोकळं करा. पिन न काढता हाताने ओढू नका. आतला स्क्रू आणि गिअर उलट फिरत नाहीत, जोर लावला की नायलॉनचे दात तुटतात. मोकळं झाकण दोन बोटांनी सरकलं पाहिजे. खात्री हवी असेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून ओढा. 4-5 किलोच्या आत सरकलं तर ठीक. 10-12 किलो लागत असतील तर दोष चॅनलमध्ये, म्हणजे झाकण ज्या खाचेत सरकतं तिच्यात आहे.

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. चॅनलला ग्रीस लावलेलं असेल तर दोन्ही मिळून लगदा होतो आणि रनर त्यात रुततो. सगळं ग्रीस कापडाने पुसा, कोरड्या ब्रशने कोपरे झाडा आणि नंतर ग्रीसऐवजी कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. प्लायच्या कडा पावसात फुगल्या असतील तर रंधा मारून दोन्ही बाजूंना 2-2 मिमी जागा करा आणि कापलेल्या कडेला पॉलिश किंवा रंगाचा हात द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ती परत फुगेल. अर्धवट उघड्या झाकणावर कुणी उभं राहिलं असेल तर झाकणाचा पाट मध्ये वाकतो. सरळ पट्टी ठेवून बघा. वाकलेला पाट बदलावाच लागतो.

आता वीज. ‘कट्’ आवाज रिलेचा (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणाऱ्या स्विचचा) आहे, म्हणजे बटणापर्यंतचा मार्ग जिवंत आहे. मोटरला करंट मिळतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. मोटर जोडलेली असतानाच तिच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. वायर सुट्या करून मोजलं तर गंजलेला जोडसुद्धा पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. बटण दाबल्यावर 11.5 च्या वर व्होल्ट आणि मोटर ढिम्म, तर मोटर गेली. 8-9 दिसले तर वायर, रिलेचे पॉइंट किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला केलेला निगेटिव्हचा जोड) तपासा. अर्थ तपासायला मीटरची एक टोचणी मोटरच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बटण दाबा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोलून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. ही तपासणी दोन्ही दिशांना करा. एकाच दिशेला व्होल्ट येत असतील तर मोटर बदलून काही होणार नाही, दुसऱ्या बाजूचा रिले किंवा बटण गेलं आहे.

शेवटची खात्री : मोटर गाडीच्या वायरिंगपासून पूर्ण सुटी करा आणि 10 ॲम्पियरचा फ्यूज घालून थेट बॅटरीवर चालवा, मग वायर उलटून परत चालवा. फिरलीच नाही तर कार्बन किंवा वाइंडिंग गेलं. आवाज करत फिरते पण दांडा हलत नाही तर आतला गिअर गेला. दोन्ही बाबतींत बदला.

नवा ॲक्च्युएटर घेताना कंपनीचं नाव जुळायची गरज नाही, मापं जुळली पाहिजेत. झाकण पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद असताना दोन्ही टोकांच्या पिनांमधलं अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा स्ट्रोक. तो 410 मिमी आला तर 400 चा घ्या, 450 चा नको. लांब घेतला तर झाकण आधी टेकतं, टोकाला करंट तोडणाऱ्या आतल्या लिमिट स्विचपर्यंत दांडा पोचतच नाही आणि बटण दाबून धरलं की मोटर जागेवर तापत राहते. कमी पडलेले 10 मिमी ब्रॅकेटची भोकं लांबट करून वाटून घेता येतात. मिटलेल्या अवस्थेतली लांबी स्ट्रोकपेक्षा साधारण 100 ते 150 मिमी जास्त असते, ती जागेत मावते का हे पैसे देण्याआधी बघा.

जोर 200 ते 300 न्यूटन पुरे, म्हणजे 20 ते 30 किलो. दुकानदार 1000 न्यूटनचा देऊ करेल, घेऊ नका. झाकण आणि पायरीच्या कडेत लहान मुलाचा पाय सापडला तर 100 किलोच्या दाबाने काय होईल याचा विचार करा. दोन्ही टोकांना आतले लिमिट स्विच असलेलाच मागा. दारातून गाडी धुतलेलं पाणी येतं, म्हणून आयपी 65 चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारा बरा.

बसवताना गाडी सपाट जागी, चाकांना ओट (अडकण). छतावर सोलर असेल तर आधी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून काढा, मगच बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोकं. गाडीतल्या घरची (दिवे-पंख्यांची) आणि इंजिनची, दोन्ही. वायरिंगचे फोटो काढून ठेवा. नवा ॲक्च्युएटर टेबलावर बॅटरी लावून एकदा पूर्ण बाहेर, एकदा पूर्ण आत न्या आणि लिमिटला तो आपोआप थांबतो ना ते बघा. आत गेलेल्या अवस्थेत मागचं टोक ब्रॅकेटला लावा, झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि मग पुढची पिन घाला. भोकं जुळेनात तर दांडा हाताने पिळू नका, ब्रॅकेट सरकवा. पिनेला नवी स्प्लिट पिन आणि ब्रॅकेटला नायलॉन नट वापरा. टोकं पिनेवर थोडी मोकळी हलली पाहिजेत. तिथे कचकचीत आवळलं की दांडा तिरका ओढला जातो आणि सील जातं.

वायर 2.5 चौरस मिमीची टाका. बॅटरी 4 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 8 मीटर होतात, 5 ॲम्पियरला त्यात 0.3 व्होल्टच्या आसपास पडतात. 1 चौरस मिमीच्या वायरीत तेच 0.7 होतात आणि झाकण पुन्हा हळू. पीळ मारून टेप गुंडाळू नका. भुसावळच्या उन्हाळ्यात बंद गाडीत टेपचा डिंक वितळून सुटतो. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) दाबा आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला. लेबलवर चालतानाचा करंट 4 ॲम्पियर असेल तर 7.5 चा फ्यूज. जुन्या जागी 20 चा सापडला तर मोटर का जळाली याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

लेबलवर ‘ड्युटी 10 टक्के’ असं असतं तेही पाळा. 20 सेकंद चालवल्यावर 3 मिनिटं विश्रांती. मुलांच्या हाती बटण लागलं की हे हमखास मोडतं.

प्रश्न : आमची गाडी बसच्या 24 व्होल्ट चेसिसवर बांधली आहे. 12 व्होल्टची मोटर सहज मिळते. दोनपैकी एका बॅटरीवरून वायर घेतली तर?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : घेऊ नका. सिरीजमधल्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्यांपैकी एकाच बॅटरीतून करंट गेला की ती कायम अर्धी राहते. अल्टरनेटर मात्र दोन्हींची बेरीज बघून चार्ज करतो, त्यामुळे दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. दोन्ही लवकर जातात. ॲक्च्युएटर 24 व्होल्टमध्येही मिळतात, तोच मागवा.

प्रश्न : धुळ्यात जुन्या बाजारात वायपरची मोटर स्वस्तात मिळते. दात्यांच्या पट्टीवर चालणाऱ्या झाकणाला ती चालेल का?
– एक वाचक, साक्री

उत्तर : जोर पुरतो, अडचण उलट फिरवण्याची आहे. बऱ्याच वायपर मोटरींचा निगेटिव्ह आतून बॉडीलाच जोडलेला असतो. झाकण परत आणायला वायर उलटल्या की पॉझिटिव्ह थेट चेसिसला भिडतो आणि शॉर्ट होतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक वायर आणि मोटरचा पत्रा यांत बीप येतो का बघा. आला तर ती मोटर सोडा. काचेच्या, म्हणजे पॉवर विंडोच्या मोटरीला सहसा दोन सुट्या वायर असतात आणि ती दोन्हीकडे फिरते. तिचा पिनियन (छोटं दातेरी चाक) तुमच्या पट्टीच्या दात्यांशी जुळला तर तीच घ्या. मात्र टोकाला थांबवायला दोन बाहेरचे लिमिट स्विच आणि प्रत्येकाला समांतर एक डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) लावावाच लागेल. डायोड नसेल तर झाकण टोकाला जाऊन थांबेल आणि परत येणार नाही.

प्रश्न : तोरणमाळच्या घाटात झाकण बंद अवस्थेत अडकलं तर काय करायचं?
– एक वाचक, शहादा

उत्तर : गाडी सुरक्षित जागी उभी करा, फ्यूज काढा, पिन काढा आणि झाकण हाताने उघडा. पुढे निघताना ते दोरीने किंवा पट्ट्याने बांधा, कारण पिन नसलेलं झाकण ब्रेक लागला की सुसाट पुढे येतं. उघड्या खड्ड्याशेजारच्या सीटवर कुणालाही बसवू नका. पिन काढायला एक नाकपक्कड आणि दोन जादा स्प्लिट पिना गाडीत ठेवा. पिनेपर्यंत हात पोचत नसेल तर घरी असतानाच बाजूच्या फळीला झडपेचं दार करून घ्या.