पगार १५ लाख आहे, ३१ मार्चच्या आत टॅक्स कमी करायला काय करू?

आधी हे सांगा, रिजीम (म्हणजे टॅक्स मोजायची पद्धत) नवीन की जुनी? तुम्ही लिहिलंय की एचआरने प्रूफ मागितलेत आणि ओळखीचा एजंट दीड लाखाची पॉलिसी काढा म्हणून मागे लागलाय, पण रिजीमचं काहीच लिहिलं नाहीये आणि सगळं अडतं तिथेच. काहीच निवडलं नसेल तर नवीनच लागते आणि तिच्यात ८०सी (अशा गुंतवणुकींवरची वजावट) नाही, म्हणजे पॉलिसी घ्या, पीपीएफ भरा नाहीतर ईएलएसएस (टॅक्स वाचवणारा इक्विटी फंड) घ्या, टॅक्स एक रुपयाने कमी होणार नाही. एजंट हे सांगणार नाही.

२०२५-२६ चा हिशोब बघा. नवीनमध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) जाऊन १४.२५ लाख उरतात, सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) धरून टॅक्स ९७,५००. जुन्यात ५० हजार स्टँडर्ड, दीड लाख ८०सी, एनपीएसचे (सरकारी पेन्शन योजना) ५० हजार, मेडिक्लेमचे २५ हजार आणि वर होम लोनच्या व्याजाचे २ लाख, एवढं सगळं दाखवलं तरी १,२४,८०० येतो (प्रोफेशन टॅक्सचे अडीच हजार धरले नाहीत, त्याने फार काही हलत नाही). नुसती बरोबरी व्हायला स्टँडर्ड सोडून साधारण ५ लाख ४४ हजारांची वजावट लागते, म्हणजे मुंबईत वगैरे दणकून भाडं भरत असाल आणि एचआरए (घरभाडे भत्ता) चांगला बसत असेल तरच जुन्याचा विचार करा. तसं असेल तर एचआरला काहीही सांगितलेलं असो, बिझनेस इन्कम नसेल तर रिटर्न भरताना रिजीम बदलता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरा, उशीर झाला की जुनी मिळत नाही. आणि मेडिक्लेमचा हप्ता कॅशने भरू नका, तो धरत नाहीत.

नवीनमध्ये राहून मार्चमध्ये खरंच करण्यासारखं एकच आहे आणि तेही शेअर्स किंवा इक्विटी फंड असतील तर. वर्षापेक्षा जुन्या युनिट्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षाला टॅक्स फ्री असतो, वापरला नाही तर पुढे जात नाही. तेवढा नफा निघेल इतके युनिट विका आणि पैसे आले की परत घ्या, खरेदीची किंमत नवीन धरली जाते त्यामुळे पुढे विकताना १२.५ टक्के कमी रकमेवर लागतो. एक्झिट लोड (लवकर विकल्यावर फंड कापतो ते शुल्क) बघून घ्या. तोट्यातलं काही पडून असेल तर तेही आत्ताच विका, शॉर्ट टर्म (वर्षाच्या आत विकलेल्याचा) तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्मचा फक्त लाँग टर्ममधून, उरलेला ८ वर्षं पुढे नेता येतो पण त्यालाही रिटर्न वेळेत हवं. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.

एप्रिलमध्ये एचआरला विचारा की कंपनीतर्फे एनपीएस आहे का. कंपनी भरते त्या रकमेवर बेसिकच्या (मूळ पगाराच्या) १४ टक्क्यांपर्यंत नवीन रिजीममध्येही सूट आहे, बेसिक साडेसात लाख धरलं तर वर्षाला १६ हजारांच्या वर वाचतात, पैसे मात्र बरीच वर्षं अडकतात.

पॉलिसीचं म्हणाल तर टर्म इन्शुरन्स नसेल तर तो घ्या, टॅक्ससाठी नाही, घरच्यांसाठी. दीड लाखवाली नको, तिचा हप्ता पुढच्या मार्चलाही येणार आणि त्याच्या पुढच्यालाही.