दोरी मुलाच्या हातात, बांबू पालकांच्या

प्रिय नवशिक्या कबमास्टरा,

पालकांसह भरवायच्या रविवारच्या मेळाव्याचा तुझा आराखडा वाचला. तीन तासांत सात उपक्रम, चोवीस कब, म्हणजे स्काउटमधली लहान मुलं, आणि त्यांच्याबरोबर तीसेक मोठी माणसं. कागदावर झकास दिसतंय, पण मैदानावर प्रत्येक पोर पंधरा मिनिटं रांगेत उभं राहील आणि जेमतेम पाच मिनिटं सामानाला हात लावेल. त्यातले पाच खोडून टाक. बांबू-दोरीचं काम ठेव आणि सावलीवरून दिशा काढणं ठेव. सावली आपली आपण सरकत असते, तिला फक्त अधूनमधून भेट द्यावी लागते, म्हणून हे दोन्ही एका वेळी चालतात.

दुसरी अडचण पालकांची आहे. आठ वर्षांच्या मुलाला क्लोव्ह हिच, म्हणजे दोरी बांबूला बांधायची दुहेरी वेढ्याची गाठ, बसवायला तीन-चार मिनिटं लागतात. बाबांना तेवढा धीर नसतो. अर्ध्या मिनिटात दोरी बाबांच्या हातात जाते आणि मुलगा इकडेतिकडे बघायला लागतो. "पालकांनी हात लावू नये" अशी सूचना देऊन उपयोग नाही, कारण ती कुणी पाळत नाही. काम असं निवड की त्याला चार हात लागतीलच: दोन धरायला, दोन बांधायला. सुरुवातीलाच सांगून टाक की धरायचं मोठ्यांनी आणि बांधायचं छोट्यांनी. बांबू धरून उभ्या राहिलेल्या माणसाचे हात आपोआप अडकतात.

आधी गाठींची अर्ध्या तासाची तालीम घे. प्रत्येक मुलाला स्वतःची दोरी हवी, दोघांत एक नको. सहा मिलिमीटर जाडीची सुती दोरी, दोन मीटर लांब. चोवीस मुलांना 48 मीटर, म्हणजे 50 मीटरचं एक बंडल पुरतं. नायलॉन स्वस्त आणि रंगीत असलं तरी घेऊ नकोस. ते गुळगुळीत असल्यामुळे नवख्या हाताची सैल गाठ लगेच सुटते आणि आपलंच चुकलं असं मुलाला वाटत राहतं. सुती दोरीची टोकं कापल्याबरोबर दोऱ्याने गुंडाळून पक्की कर, नाहीतर अर्ध्या तासात त्यांचे झुपके होतात.

शिकवताना मुलाच्या समोर बसायचं नाही. समोरून दाखवलं की त्याला सगळं उलटं दिसतं, तुझा उजवा हात त्याच्या डावीकडे असतो. शेजारी बस किंवा त्याच्या मागे बसून त्याच्या खांद्यावरून हात पुढे घे. पालकांनाही असंच बसव. रीफ नॉटसाठी दोरीचं एक टोक रंगवून घे: उजवं डाव्यावर, मग तेच रंगीत टोक आता डावीकडे आलेलं असतं, ते उजव्यावर. दोन्ही वेळा वर रंगीतच टोक राहिलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला दुसरं टोक वर घेतलं की ग्रॅनी नॉट होते. ती ओळखायची खूण सोपी आहे: रीफ नॉटची टोकं मूळ दोरीला समांतर पडतात, ग्रॅनीची आडवी बाहेर येतात. रीफ नॉट सपाट बसते म्हणून ती बँडेजची गाठ. वजन उचलायला किंवा जाड-बारीक दोऱ्या जोडायला ती वापरायची नाही, तिथे शीट बेंड नावाची गाठ.

तुझ्या पॅकमधले, म्हणजे कबांच्या तुकडीतले, बरेच पालक शेती करणारे आहेत ना? मग बोलाइन ही गाठ तू शिकवू नकोस, त्यांना शिकवू दे. गुरांच्या गळ्यात दावं बांधताना फास आवळणार नाही अशी गाठ लागते, आणि तशी गाठ त्यांच्या रोजच्या हाताखालची असते. त्यांची गाठ आणि पुस्तकातली बोलाइन शेजारी शेजारी ठेवून मुलांनाच बघू दे, कुठे सारखी आहे आणि कुठे वेगळी.

आता मुख्य काम. प्रत्येक षटकाने, म्हणजे सहा कबांच्या गटाने, पायाने चालणारा नळ बनवायचा. टिप्पी टॅप या नावाने तो ओळखला जातो. हात न लावता हात धुता येतात, शिबिरात शौचाला जाऊन आल्यावर याच्यासारखं दुसरं साधन नाही. एका षटकाचं सामान असं: दीड मीटर लांबीचे बांबूचे सहा तुकडे, मीटरभर लांबीची अडीच सेंटिमीटरहून बारीक सरळ काठी, पायाखाली घ्यायला नव्वद सेंटिमीटरची आणखी एक काठी, खांद्यापाशी मूठ असलेला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, सुतळी, साबणाची वडी. सहा मीटरच्या एका बांबूचे चार तुकडे होतात, म्हणजे चार षटकांना सहा बांबू. कापताना पेराच्या जरा पुढे कापायला सांग, पेर टोकाशी राहिलं की बांबू चिरत नाही. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून घे. बांबूची कूस मुलांच्या बोटात गेली की ती निघता निघत नाही आणि उपक्रम तिथेच संपतो.

शाळेचं मैदान मुरमाचं असतं, खड्डे खणण्यात वेळ जातो, म्हणून दोन तिपाया कर. तीन बांबू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवायचे, डोकी एका रेषेत. डोक्यापासून वीतभर खाली, कडेच्या बांबूला क्लोव्ह हिच. मग सुतळी एकावरून, पुढच्याखालून, तिसऱ्यावरून अशी विणत न्यायची आणि उलट परत आणायची, असे सहा वेढे. वेढे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. नंतर बांबूंच्या मधल्या दोन्ही फटींतून वेढ्यांभोवती दोन-दोन आवळे, म्हणजे ताण देणारे आडवे वेढे, घ्यायचे आणि दुसऱ्या कडेच्या बांबूला क्लोव्ह हिचने संपवायचं. एका तिपाईला तीन मीटर सुतळी लागते. सहा-सात वर्षांच्या मुलांना वर-खाली विणता येतं, पण आवळायची ताकद नसते. तिथे शाळेतल्या स्काउटांपैकी प्रत्येक षटकामागे एक मोठा मुलगा घे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, वेढे इतके घट्ट की तिपाई उघडतच नाही, जोर केला की बांबू तडकतो. विणताना वेढे नुसते नीट टेकलेले असावेत, ताण आवळ्यांनी येतो. दुसरी, सगळे वेढे सैल घ्यायचे आणि शेवटी एकदाच ओढायचं. शेवटी कितीही ओढलं तरी आधीचे वेढे घट्ट होत नाहीत, प्रत्येक वेढा त्या त्या वेळीच टेकवावा लागतो. उघडताना मधला पाय एकीकडे आणि कडेचे दोन दुसरीकडे न्यायचे. पाय घसरू नयेत म्हणून खाली तिन्ही पायांना फिरती सुतळी बांध.

दोन्ही तिपाया साधारण पाऊण मीटर अंतरावर ठेवून बारीक काठी त्यांच्या डोक्यांतल्या बेचक्यात आडवी बसवायची. त्याआधी तिच्यात कॅनची मूठ ओवून घ्यायची, हे विसरलं तर पुन्हा सगळं सोडायचं. भोक कॅनच्या पुढच्या बाजूला, झाकणापासून 12 सेंटिमीटर खाली. खिळा पकडीत धरून मेणबत्तीवर तापवायचा, हे मात्र मोठ्यांचं काम. तीन मिलिमीटरचा खिळा पुरे. मोठ्याने धार जाड पडते आणि कॅन दहा-बारा जणांतच रिकामा होतो. पाणी भोकाच्या खालपर्यंतच भरायचं. उभ्या कॅनमधून ते पडत नाही, वाकवला की पातळी भोकावर येते आणि धार लागते. हे तू सांगून टाकू नकोस. आधी एका षटकाला कॅन मुद्दाम काठोकाठ भरू दे आणि पाणी का वाहतंय ते त्यांनाच शोधू दे.

कॅनच्या मानेला सुतळी बांधून ती पायकाठीच्या एका टोकाला जोड, काठीचं दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं. वरचं टोक जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर तरी उंच हवं. सुतळी लांब झाली की काठी आधीच जमिनीला टेकते आणि कॅन पुरेसा वाकत नाही. या एका गाठीपायीच निम्मे नळ चालत नाहीत, म्हणून ती सरकवता येईल अशी बांध. धार गुडगुड करत तुटक पडत असेल तर झाकण थोडं सैल कर, आत हवा जायला वाट नसते. साबणाला मध्ये भोक पाडून तो वेगळ्या सुतळीवर टांग आणि वर करवंटी उपडी बांध. कावळे साबण पळवतात, हे शहरातल्या पालकांना खरं वाटत नाही. खाली खडी पसर, किंवा नळ थेट शाळेच्या अळूच्या वाफ्यावर उभा कर, चिखलाचा प्रश्नच मिटतो.

हे काम सुरू करण्याआधी सावलीची काठी रोवून ठेव. एक मीटरची सरळ काठी, सपाट जागी, ओळंब्याने तपासून उभी. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात यालाच शंकू म्हणतात आणि दिशा काढायची त्यांचीच रीत सर्वांत भरवशाची आहे. सव्वाअकराला सावलीच्या टोकाशी खडा ठेव. काठीला सुतळी बांधून त्या खड्यातून वर्तुळ काढ. सावली आखडत वर्तुळाच्या आत येते आणि दुपारनंतर वाढत पुन्हा वर्तुळाला शिवते, तिथे दुसरा खडा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे काढलेली रेघ पश्चिम-पूर्व. पुण्याच्या आसपास जानेवारीच्या मध्यात दुसरा खडा सव्वादोनच्या सुमारास पडतो. मधल्या वेळात दर वीस मिनिटांनी एक षटक येऊन खूण करून जाईल.

बऱ्याच ठिकाणी शिकवतात ती झटपट रीत म्हणजे वीस मिनिटांच्या अंतराने दोन खुणा करून जोडणे. ती चालते, पण हिवाळ्यात सकाळी नऊला केली तर रेघ वीसेक अंशांनी तिरकी येते, अकरानंतर चूक दहाच्या आत राहते. मुलांना दोन्ही रेघा काढू दे आणि शेजारी होकायंत्र ठेव. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे वर्तुळाची रेघ होकायंत्राशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर आधी लोखंडी गोलपोस्ट आणि पालकांचे मोबाइल लांब ने.

कुणीतरी विचारेलच की बारा वाजता सावली सर्वांत लहान का नव्हती. आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंश. एका अंशाला चार मिनिटं. एवढं सांगून थांब आणि गुणाकार मुलांना करू दे. उत्तर येईल पस्तीसेक मिनिटं, पण खड्यांवरून दिसेल की सावली जानेवारीत पावणेएकच्या सुमारास सर्वांत लहान झाली. उरलेली नऊ-दहा मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची. ते स्काउट वयात शिकतील, कबांना आत्ता सांगायची घाई नको.

प्रथमोपचाराचा कोपरा ठेवायचाच हट्ट असेल तर फक्त हाताची झोळी. मुलांचा स्कार्फ मोठ्या माणसाच्या हाताला अपुरा पडतो. मीटरभर मांजरपाट आणून कर्णावर काप, दोन त्रिकोण मिळतात. रुग्ण पालक, बांधणारी मुलं. कोपर काटकोनात, पंजा कोपरापेक्षा किंचित वर, गाठ मानेच्या मणक्यावर न येता गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात.

शेवटची वीस मिनिटं सोडायला राख. सुतळी कापायची नाही, गाठी सोडून गुंडाळून ठेवायची, क्लोव्ह हिच सुटायला सोपी असते हे मुलांना तिथेच कळतं. एक नळ मात्र मुतारीपाशी तसाच उभा ठेव आणि त्यात रोज सकाळी पाणी भरायची पाळी आठवड्यागणिक एकेका षटकाला दे.

तुझा,
एक जुना स्काउटर

ता. क. पालकांना जी चिठ्ठी धाडशील तिच्यात तेलाचा कॅन साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन आणायला सांग. तेलकट कॅनच्या मुठीवरून हात सटकतो आणि पाण्याला आठवडाभर वास येत राहतो.