एबीएस आणि ब्रेक, दोन्ही दिवे लागून राहतात. व्हील स्पीड सेन्सर गेलाय का, हे घरी कसं तपासायचं?

सेन्सर मागवला असेल तर आधी ऑर्डर थांबवा. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि ती प्रत्येक चाकाचा वेग या सेन्सरने वाचते. स्कॅनरवर 'पुढचं डावं चाक' असं आलं तर त्या चाकाचा सिग्नल नीट पोचत नाही, एवढंच कळतं. सेन्सर, वायर, कनेक्टर, रिंग (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर वाचतो ती) की बेअरिंग, यातलं काय बिघडलंय हे मोजल्याशिवाय कळत नाही. भोसरीत माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. न मोजता पार्ट बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माझे दाजी धायरीला राहतात. त्यांच्या गाडीचं पुढचं डावं बेअरिंग घुमायला लागलं म्हणून त्यांनी ते बदलून घेतलं आणि तेव्हापासून एबीएसचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग तो म्हणाला, मॉड्यूल (एबीएसचा कंट्रोलर) गेलं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून ताई रडकुंडीला आली. दाजींचा तोडगा आणखी वाईट होता: "मीटर उघडून तो दिवाच काढून टाकू. ब्रेक लागतोय ना?"

त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी एबीएस वाचणारा स्कॅनर मागून आणला. (ऑनलाइन मिळणारी स्वस्त डोंगल बहुतेकदा इंजिनाचेच कोड वाचतात, त्यावर विसंबू नका.) पहाटे सिंहगड रोड मोकळा असतो तेव्हा गाडी बाहेर काढली. मी चालवत होतो, ताई आकडे वाचत होती. तीन चाकं ताशी वीस-एकवीस किलोमीटर दाखवत होती, डावं पुढचं शून्य. घरी येऊन कनेक्टर काढला, किल्ली ऑन करून पुरवठा मोजला, वायरींची कंटिन्यूइटी (आतून कुठे तुटल्या नाहीत ना) पाहिली. सगळं ठीक. सेन्सर तर नवाच होता. मग उरलं काय?

आता बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये उत्तर-दक्षिण असे चुंबकी पट्टे आळीपाळीने असतात, आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. सेन्सर काढून मी दोऱ्याला बांधलेली सुई भोकातून आत सोडली. उजव्या चाकाला सुई चटकन सीलला चिकटली, डाव्याला ढिम्म. बेअरिंग उलटं दाबलं होतं! एकदा दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं, म्हणून नाना पेठेतून नवं आणलं आणि बसवताना मी समोर उभा राहिलो. थोडं अंतर चालवल्यावर दिवा विझला. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं.

तुमचे दोन्ही दिवे लागलेत, म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे ते बघा. पातळी उतरली असेल तर ऑइल ओतण्याआधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच. पॅड जाड असतील तर गळती शोधा. हे दोन्ही ठीक असेल तर एबीएसबरोबर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडलंय असं समजा आणि चाकांकडे वळा. स्टिअरिंग पूर्ण वळवून वायर कुठे घासते का, पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडली आहे का ते पाहा. सेन्सरच्या टोकाला लोखंडी चुरा चिकटला असेल तर फडक्याने पुसा. जुन्या पद्धतीचा कॉइलचा सेन्सर असेल तर रेझिस्टन्स साधारण एक-दीड किलोओहम येतो आणि चाक हाताने फिरवलं की मल्टिमीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या अ‍ॅक्टिव्ह (बाहेरून पुरवठा लागणाऱ्या) सेन्सरला मात्र ओहमच्या रेंजवर मल्टिमीटर लावू नका. त्यातून काही कळत नाही, वर तो खराबही होऊ शकतो.

दाजी अजूनही म्हणतात की त्यांच्या जुन्या गाडीला एबीएस नव्हतं तरी काही बिघडलं नाही. भारतात नव्या मॉडेलना ते एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे असं म्हणणारे घरोघरी आहेत. पण जुन्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकचं प्रेशर आवरायला वेगळा व्हॉल्व्ह असायचा. एबीएसच्या बहुतेक गाड्यांत तो काढून ते काम ईबीडीला दिलंय. तेच बंद असेल तर पावसात कात्रज घाट उतरताना जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी मागून फिरू शकते. म्हणजे दिवा काढून टाकलेली गाडी त्या जुन्या गाडीपेक्षाही वाईट. हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलंय.

आणि हो, पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा मऊ लागत असेल तर यातलं काहीही करत बसू नका, गाडी टो करून न्या. चाक काढणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा.